मिठाच्या पुड्या

दोन बाकांच्या मध्ये दीड हात अंतर.
खाली फरशीवर निळ्या खडूनं
मीच काढलेली विश्वामित्री.
नियम एवढाच: जुनी वर्तमानपत्रं, खळ, दोरा,
आणि पूल मोडला तर रडायचं नाही,
वाकून बघायचं, कुठे मोडला.

दांडियाबाजारातली आमची शाळा,
तिसरीत अकरा पोरं.
रद्दी निम्मी मराठी, निम्मी गुजराती;
घट्ट गुंडाळली की दोन्ही सारखीच ताठ.

ध्वनितच्या पुलानं पहिल्याच पुडीला गुडघे टेकले.
तो पुलाकडे बघेना,
माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी पुडी उचलली. दोघं फरशीवर पालथे झालो
आणि ती घडी शोधली
जिथं कागद आधीच दमला होता.

माझे बाबा प्रतापनगरला रेल्वेत फिटर.
मोडके बोल्ट खिशातून घरी आणायचे,
आई चिडायची, धुताना खिसे फाटतात म्हणून.
रात्री दिव्याखाली धरायचे:
हे बघ, चकाकतंय तेवढं आज तुटलं.
हे काळं पडलंय ना,
ते कधीपासून तुटत होतं, कुणी बघितलंच नाही.
मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा हे दाखवतात.

हेतल मोरे वर्गात फारशी बोलत नाही.
तिच्या पुलाला मधला खांब नव्हता.
"खांब घाल ने," इंद्रजित म्हणाला,
"माझ्यानं नऊ पुड्या घेतल्या."
ती दोरा ओवता ओवता म्हणाली,
"मग मगर कुठून जाणार?"

वर्ग हसला.
मग हळूहळू हसायचा थांबला.
पुरात तिच्या मामाच्या सोसायटीत
पाण्याबरोबर एक आली होती,
दोन दिवस जिन्याखाली पडून होती,
कुणाला काही न करता.
इंद्रजितनं नदीत रोवलेल्या आपल्या खांबाकडे पाहिलं,
जणू तो दुसऱ्याच कुणी ठेवला होता.

हेतलचा पूल चौथ्या पुडीला बसला.
ती वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.
"बाई, कागद नाही मोडला. दोरा तुटलाय."
आवाजात रडू नव्हतं.
दुहेरी दोरा घ्यायला ती माझ्या टेबलाकडे आली,
विचारलंही नाही.

पडताना एक पुडी फुटली होती.
निळ्या खडूवर मीठ पसरलं.
"खंभात आलं!" कुणीतरी ओरडलं,
आणि अकराही जणांनी बोट बुडवून चाखून पाहिलं
नदी कुठं संपते ते.
दारात लक्ष्मीबेन झाडू घेऊन उभ्या,
त्यांचा चेहरा मी पाहिला नाही असं दाखवलं.

मीठ कागदात भरून ठेवलंय.
ती पुडी आता किलोची नाही,
उद्या आधी तिचं वजन करावं लागेल,
हे झंखना म्हणाली.
माझ्या तर लक्षातही आलं नव्हतं.