ळ

टॅब खोक्यातून निघाला तेव्हा
सूचनापत्रक कन्नडमध्ये होतं, आणि इंग्रजीत.
हिरेमठ टीचरनी वाचून सांगितलं,
मी मराठीत उतरवून घेतलं
हजेरीच्या मागच्या पानावर.
खानापूरच्या पुढे, नंदगड रस्त्याला आमची शाळा.
पाचवीचा पट सतरा.
सतरावा वैजू बिर्जे,
जो आजवर वर्गात यायचा
पण धड्यात यायचा नाही.

फळ्यावरचं त्याला दिसत नाही,
खडूचा आवाज कळतो.
त्यावरून सांगतो, सर, गणित चाललंय,
बेरजेखालची रेघ
दुसऱ्या कुठल्या विषयात एवढी लांब नसते.

टॅब पानावर धरला.
यंत्र खाकरलंसुद्धा नाही, थेट वाचू लागलं:
सकाली सकाली बाल खेलत होते.
वर्ग फुटला.
सगळ्यात मोठ्यानं वैजू हसला.
"ओ सर, ह्ये आमच्या गावचं न्हवं,
ह्येला ळ येईना की!"

मग मधल्या सुट्टीत तो यंत्राचा मास्तर झाला.
माझ्याच आवाजात, माझ्यासारखाच चिडत:
म्हण, गूळ.
गूल.
म्हण, रताळं.
रतालं.
रताळ्याच्या मुलखात रतालं!
त्यानं टॅबला एक चापट दिली,
हलकी, कॅमेऱ्याला लागू नये अशी.

हिरेमठ टीचर म्हणाल्या,
आमच्याकडे आहे बघा हा ळ.
त्यांनी कन्नड आवाज लावला
आणि यंत्रानं पहिल्या फटक्यात म्हटलं:
हळ्ळी. बेळगावी. केळु.
वैजूनं मान तिरकी केली. "केळं?"
"केळु. म्हणजे ऐक."
तो ऐकत राहिला बराच वेळ.
पण त्या आवाजाला आमचं पुस्तक वाचता येईना.
उरलो आम्हीच.

पुस्तक वाटून घेतलं, प्रत्येकी चार पानं.
रेहाना किल्लेदारनं कविता वाचली,
तिच्या मागे तिच्या घरची कोंबडी.
जोतिबा पारिशवाडकर भूगोलात दोनदा शिंकला,
तेही राहू दिलं.
मारुती गुरव चार वर्षांत
मोठ्यानं एक ओळ वाचला नव्हता,
त्याच्या वाट्याला आली बेडकाची पानं.
अकरा वेळा पुसली त्यानं, बाराव्यांदा ठेवली.
मी म्हटलं, नवव्या वेळी चांगलं आलं होतं रे.
म्हणाला, "एक शब्द खाल्ला हुता सर,
वैजू तसंच शिकंल."

आता रताळी काढायच्या दिवसांत
जे शेतात असतात त्यांच्याकडेही धडा जातो,
बांधावर रेंज आली तर.
नाही आली तर धडा वाट बघतो.
पूर्वी तो पुढे निघून जायचा.

नकाशा मात्र आवाजात मावेना.
मी पुठ्ठ्यावर लोकर चिकटवली,
मलप्रभा बारीक, घाट गुंडाळी करून,
आणि राज्याच्या हद्दीला सुतळी.
वैजूचं बोट सुतळीवर आलं. थांबलं.
"सर, ही रेघ खरंच अशी वर आलेली असते?
मामाकडं चंदगडला जाताना
कधी पायाला लागली नाही."
नसते, म्हटलं.
पाटीवरची अक्षरं बदलतात तेवढी.
"मग मला कळणार कसं?"

मी तयारी करून आलो होतो
उंचीची, नद्यांची, पावसाची.
ह्याची नव्हती.
मागच्या बाकावरून जोतिबा म्हणाला,
"गाडी उडती बघ एका जाग्याला.
रस्ता बदलतोय तिथं."

चार वाजता टॅब बोलला:
शाला सुटण्याची वेल झाली.
सोळा जणांनी ओरडून दुरुस्त केलं.
सतरावा अजून सुतळीवरच होता,
गाडी उडायची जागा
बोटानं चाचपत.