ताडपत्री काढून

जालन्याच्या एमआयडीसीत, दोन भट्ट्यांच्या मधल्या पत्र्याच्या खोलीत
मी काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करते
आणि वाट बघते.
बाहेर वजनकाट्यावर ट्रक चढतो, खोली हलते,
पडद्यावरचा कर्सर तेवढा जागचा हलत नाही.

भंगार लांबून येतं. तुर्कस्तानातून, जर्मनीतून.
कुणाच्या पुलाचा कठडा, कुणाच्या गिरणीचं चाक,
सोबत कागद, कागदांवर गावांची नावं.
भांगडियाशेठना हवं एवढंच:
मोठ्या अक्षरातलं गाव आणि बारक्या अक्षरातलं गाव
एकच असेल तर एकच धरायचं.

सोपं वाटलं. सगळं बारीक केलं की झालं.
पण इझमीरच्या मोठ्या आयवरही टिंब होतं,
बारीक करायला गेले तर एका अक्षराची दोन झाली,
आय वेगळा, टिंब वेगळं,
दारात टोपी काढून हातात धरलेल्या पाहुण्यासारखं.
जर्मनांचं एक अक्षर उलट्या चालीचं,
मोठं हो म्हटलं तर दोन एस होऊन आलं.
मग बारीक करणं सोडलं, घडी घालायला शिकले,
लुगड्याची घालतात तशी, काठाला काठ लावून.
रात्री साडेदहाला इझमीर जुळलं.
टाळी वाजवायला कुणी नव्हतं.

इलियास चाऊस काट्यावर बसतो, अठरा वर्षं झाली.
खिडकीतून म्हणाला, "मॅडम, आपल्या मराठीत
लहान-मोठं अक्षरच नसतंय. तुमाला कायची झंझट?"
नसतंय, म्हणाले मी.
आणि त्याच दुपारी हजेरीपटात सुमनबाई सापडल्या.
दोनदा.

सुमनबाई कऱ्हाळे, एकशे एकतीस दिवस.
सुमनबाई कर्‍हाळे, एकशे बारा दिवस.

डोळ्यांना एकच बाई.
तांब्याच्या तारेवरचं रबर सोलणारे हातही दोनच.
दोनशे चाळीस भरले की बोनस.
दोघींचेही भरले नव्हते.

दिवसपाळीचा मुकादम मोबाइलवर
आतून टिंब असलेला ऱ लिहितो.
रातपाळीचा कारकून साधा र, त्याचा पाय मोडून,
आणि पुढे एक जोडणारा, जो दिसत नाही.
रुंदी शून्य.
जोडायला ठेवलेला,
त्यानंच बाईचे दोन तुकडे केले.

जगाचा तक्ता उघडून पाहिला.
तुर्कांच्या टिंबाची ओळ होती,
जर्मनांच्या दोन एसची होती,
हिंगोलीकडच्या कऱ्हाळ्यांची नव्हती.

इलियासला सांगितलं. तो चहा ओतत होता.
"पावसात भिजलेली ताडपत्री चाळीस किलो भरती, मॅडम.
माल तोलायचा तर आधी ती काढावी लागती.
ताडपत्रीचं वजन काय कुणी बिलात लावतंय का?"

तीन ओळी लिहिल्या. न दिसणारा काढून टाक.
ऱ चं टिंब काढून टाक. मग तोल.
फक्त तुलनेपुरतं; लिहिलेलं तसंच राहू दे.
तपासलं तर दर्या आणि दऱ्या एक झाले.
समुद्र आणि दरी!
थोडा वेळ हात कीबोर्डवर तसेच राहिले.
मग म्हटलं, हजेरीपटात कुणी दर्या लिहायला येत नाही,
आणि शेजारी टीप ठेवली:
हे नावांसाठी आहे, कवितेसाठी वापरू नये.

सोमवारी सुमनबाई सहीला आल्या.
पेन मुठीत धरून, जीभ दातांत,
त्यांनी लिहिलं कर्हाळे,
रफार ह च्या डोक्यावर, तिसरीच तऱ्हा.
मी तेच टाईप केलं. एंटर.
एकच ओळ आली. दोनशे त्रेचाळीस.

पैसे मोजून पदरात बांधले त्यांनी.
दारापर्यंत गेल्या, वळल्या,
"बाई, म्हणजे आधी त्ये एकशे बारा दिस
माझ्या नावावर कोण येत व्हती?"

काट्यावर ट्रक चढला. खोली हलली.
मला अजून उत्तर नीट लिहिता आलेलं नाही.