मला मारा म्हणा

बाबा मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलायचे,
कानामागे पेन्सिल, बोटांवर माश्या.
रात्री त्याच पेन्सिलीनं
काळ्या पुस्तकाच्या कडेला नावांचे अर्थ लिहायचे.

इसहाक: हसला.
म्हातारपणी पोर होणार ऐकून आईबाप हसले,
तेच हसू पोराला चिकटलं.
याकोब: टाच धरून आला.
याबेस: ह्याच्या वेळी लई कळा.
"आपल्यासारखीच की ही माणसं," बाबा म्हणायचे,
"पोरं जगंनात म्हणून दगडू, धोंडू.
चौथी पोरगी झाली की नकुशी.
नाव म्हंजे बाळंतिणीचा पयला सुस्कारा."

आणि मी?
"तू नामी. गोड.
पण गुळावाणी न्हवं, गूळ पावसात पाघळतो."

शाळेत हजेरी घेताना गुरुजी थांबले,
"नामी! काय नामी युक्ती आहे!"
सातवीपर्यंत मी युक्ती होते.

रविवारच्या वर्गात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर,
वाचायची पाळी माझी आली.
नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले,
ती परमुलखातून रिकाम्या ओंजळीनं गावी परतली.
बायका जमल्या: ही नामीच ना?
ती म्हणाली, नामी नको, मला मारा म्हणा.
मारा म्हणजे कडू, हे बाईंनी सांगायच्या आत
शिमोन आवळेनं मागून रट्टा घातला.
"तूच म्हणालीस की!"
बाईसुद्धा हसल्या. मीही हसले.

एकोणचाळीस वर्षांनी
शिये फाट्यावरून फोन आला.
उसाची ट्रॉली, मागे दिवा नसलेली.
एलिया.
जो मेलाच नाही, अग्निरथातून वर गेला,
त्याचं नाव मीच ठेवलं होतं.

तेव्हा कळलं, त्या बाईचा शब्द दोन भाषांत खरा होता.
तिच्या भाषेत कडू.
माझ्या भाषेत
शिमोनला ऐकू आला तसा.

बाबांचं पुस्तक काढलं.
मारा ह्या शब्दापाशी कड कोरी होती,
नुसता गुळाचा एक डाग.
पुढं वाचत गेले.
तिनं एवढं बजावूनही
लिहिणारा लगेच पुन्हा तिला नामीच म्हणतो.
बायकाही. सुगीतही. मांडीवर
सुनेचं मूल येतं तेव्हाही.
कुणी ऐकलंच नाही तिचं.
मला रागच आला.
पुस्तक मिटून फळीवर उलटं ठेवलं,
चारपाच महिने तसंच.

मग एका सकाळी कुंपणापलीकडून
सोनाक्का, नेहमीच्या चढ्या आवाजात,
"ए नामेऽ, दूध उतू चाललंय न्हवं का गं?"

जळका वास घरभर झाला होता.
मी आधी ओ दिली,
मग गॅस बंद केला.