सदर व्यक्ती

वेंगुर्ल्याच्या कोर्टात खिडकी उघडी ठेवावी लागते,
नाहीतर फायलींना बुरशी येते.
उघडी ठेवली की खारं वारं आत शिरतं
आणि माझ्या कीबोर्डावरची ळची कळ धरते,
कधी उमटतच नाही, कधी दोनदा उमटते.
एकोणतीस वर्षं मी लोकांचं म्हणणं टाइप करते आहे.
स्वतःचं म्हणणं नोंदवायचं
नेमणुकीच्या कागदात नव्हतं.

परवा विशाखा मेथरला आणलं.
वय तेवीस, राहणार बंदराकडे, बारा दिवस बेपत्ता.
बापाच्या तक्रारीत होतं, कोणीतरी फूस लावून नेली,
आणि त्या कोणीतरीसाठी पोलिसांनी
एक ओळ रिकामी सोडली होती,
नाव कळेल तसं भरायला.

नाव कळलं नाही.
देवगडला एका गाळ्यात सापडली,
होड्यांची इंजिनं उघडतात तिथं,
नखांत काळं ऑइल,
मागच्या खोलीत एक चटई, एक बादली.
हवालदारानं दुसरी चप्पल शोधली. नव्हती.

जगन्नाथ मेथर बर्फाच्या कारखान्यातून तसेच आले होते,
बाह्या ओल्या.
साहेबानू, माझां चेडू माका परत दिया,
म्हणाले, जसं लिलावात दुसऱ्याच्या टोपलीत गेलेलं
पापलेट मागावं.
नाही, हे मी वाईट लिहिलं.
आवाज बारा दिवस न झोपलेल्या माणसाचा होता.

साहेब नवे, नांदेडकडचे.
तिला म्हणाले, तुम्ही बसा.
तिनं मागं वळून पाहिलं,
तुम्ही कोणाला म्हटलं ते.

स्वतःहून गेलात?
होय.
कोणासोबत?
माझी मीच.
आता कुठं जायचं आहे?

इथं सगळं कोर्ट थांबलं.
वकील, आत्या, दाराशी उभे वाडीतले चौघे,
प्रत्येकानं तिच्यासाठी एकेक उत्तर
खिशात घालून आणलं होतं.

अजून ठरवूक नाय, ती म्हणाली.

मला वाटलं, हरली.
ठरलेलंच काही नाही तर कोर्ट देणार काय?
माझ्या लेखी हक्क सातबाऱ्यासारखा,
त्याला चतुःसीमा हवी:
पूर्वेस नवरा, पश्चिमेस नोकरी.
साहेब थोडा वेळ पेनाचं टोपण काढत, लावत राहिले,
बहुधा आपणही तेच विचारलं हे लक्षात येऊन.
मग म्हणाले, लिहा.

मी सवयीनं सुरुवात केली: सदर मुलगी सज्ञान असून...
मुलगी नको. व्यक्ती करा.
मागं जाऊन शब्द बदलला.
पुढं काही बदलावं लागलं नाही.
व्यक्तीही स्त्रीलिंगीच,
इतकी वर्षं बोटांखालून जात होती.

सदर व्यक्ती सज्ञान असून
तिने कोठे राहावे, काय शिकावे, कोण व्हावे,
की तूर्त काहीच ठरवू नये,
हे तिचे तिने पाहावे.
घरच्यांना काळजी करण्याचा अधिकार आहे,
अडविण्याचा नाही.
तिला मोकळी करण्यात येते.

बाहेर जांभळीखाली बाप-लेक
हातभर अंतर ठेवून उभी.
पैसे आसत? त्यांनी विचारलं.
तिनं मान हलवली, तरी त्यांनी काढले,
नोटा ओलसर, तिनं त्यातली एक घेतली.
चौघे मोटारसायकलींवर बसून पाहत होते.
एकानं उगीचच हॉर्न वाजवला.
ती स्टँडकडे गेली.
कुडाळ, शिरोडा, पणजी, मालवण,
कुठली गाडी धरली ते मला माहीत नाही
आणि मी चौकशी केली नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर प्रत पाहिली:
मोकळळी.
खाली साहेबांची सही, शिक्का.
दुरुस्तीला परत न्यायला हवी होती.
नेली नाही.

पाच वाजता कीबोर्ड खिडकीत उलटा करून झाडला.
थोडी रेती पडली, बिस्किटाचा चुरा,
एक केस, माझाच असेल,
मुळाशी पांढरा.