चौदा भाग मीठ

मे महिना. बॉर्नहोमच्या पूर्वेला
तळ नव्वद मीटरवर.
मी तार सोडते आहे, पिर्क्को आकडे वाचते आहे:
वर आठ अंश, हजारात सात भाग मीठ.
सूप असतं तर जेवणाऱ्यानं
मिठासाठी हात पुढे केला असता.

चाळीस मीटर. चार अंश.
गेला हिवाळा अजून मधल्या मजल्यावर मुक्कामाला आहे,
त्याला कुणी सांगितलेलं नाही
की वर बर्चला पालवी फुटली.

साठ. आणि आकडा उडी घेतो:
अकरा, बारा, तेरा.
सात अंश. गारठ्याच्या खाली ऊब.
स्प्रॅटचे थवे थंडीभर इथेच अंग चोरून होते.

कॉडचं अंडं चौदाच्या आसपास तरंगतं.
त्याहून अळणी पाणी त्याला झेलत नाही,
ते बुडत जातं
जिथे बाटली उघडली की सडका वास येतो
आणि पिर्क्को नाक दाबून सही करते.

माझे वडील, ईगिल कोफोड, नेक्सोचे,
जाळ्याच्या खालच्या दोराचा चिखल
जिभेच्या टोकावर ठेवायचे,
डोळे बारीक करायचे,
आणि सुकाणू दोन बोटं डावीकडे.
घरी मात्र बटाट्यात मीठ आहे की नाही
हे त्यांना आईला विचारावं लागे.

मिठाला जागणं म्हणतात, तसं यात काही नाही.
अकराच्या खाली नराचं बीज हलतच नाही,
एवढंच.
निष्ठा वगैरे आपण किनाऱ्यावर बसून जोडतो.

पिर्क्को हाइलुओतोची. तिच्या समुद्रात तीन भाग मीठ,
पाइक आणि पर्च, तळ्यातली माणसं,
बंदराच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहतात.
आणि हेरिंग तिथे इतकी बारीक
की आमच्याकडे तिला पिल्लू समजून सोडून देतील.
"तुमची मोठी आहे," पिर्क्को म्हणते,
"कारण तुमच्याकडे दार आहे."

दार म्हणजे पश्चिमेचा उंबरठा,
डेन्मार्कच्या बेटांमधली उथळ सामुद्रधुनी.
आधी पूर्वेचा वारा आठवडेच्या आठवडे वाहायला हवा,
समुद्र ओंजळभर उतरायला हवा,
मग पश्चिमेचं वादळ.
तेव्हा कुठे जड, खारट पाणी
उंबरठ्यावरून आत लवंडतं
आणि अंधारात तळाशी सरपटत येतं, कित्येक महिने.
बऱ्याच हिवाळ्यांत वादळ अर्ध्यातच थांबतं.

संध्याकाळी फोन.
होडी विकून त्यांना नऊ वर्षं झाली,
तरी पहिला प्रश्न तोच:
"किती?"
"तेरा पूर्णांक एक. सत्तरवर."
ते काही बोलत नाहीत.
मागे केटली वाजते, ती ते बंद करत नाहीत.
"वारा कुठला?"
मी डोलकाठीकडे बघते. "पूर्वेचा."
"हं," म्हणतात. "आधी रिकामं होऊ दे."

मे महिन्यातला वारा काही आणत नाही
हे मला माहीत आहे.
त्यांना तर माझ्या आधीपासून.