ह ची गावं

दिवाळीला नऊ दिवस. शाहूपुरीत, दूध संघाच्या माडीवर
मी सर्व्हरला एकच प्रश्न विचारला:
सगळे सभासद, सगळी गावं, वर्षभराच्या सकाळ-संध्याकाळ,
लिटर, फॅट, कुणाचा किती फरक.
तो घुमला बराच वेळ,
मग लाल अक्षरांत म्हणाला:
उत्तर मर्यादेपेक्षा मोठं आहे.

मागून चौगुले साहेब, "मग वाढव की मर्यादा.
नाळेच्या प्रोग्रॅमात कधी असलं काय आलं न्हाई."

तेच खटकलं.
का नाही आलं?

नाळे निवृत्त झाले. भला माणूस,
कोडसुद्धा वहीत लिहिल्यासारखं सुवाच्य.
तळाशी दोन महिरपी कंस,
मध्ये काही नाही.
एरर आली तर: काही नाही.
जेवढ्या ओळी मावल्या तेवढ्या छापायच्या,
खाली बेरीज, शिक्का, सही.

गावं अकारविल्हे.
आजरा पोटभर, कागल, मुरगूड, राशिवडे, सांगरूळ पोटभर,
आणि ह लागला की कोरा कागद.
हलसवडे. हसूर. हेरले.
दोन वर्षं.

गेल्या दिवाळीत हसूरच्या इंदुबाई मगदूम
प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन आल्या होत्या.
"कॉम्प्युटरात नाव नाही तुमचं,"
हे मीच म्हणाले होते, मान वर न करता.

सातला उठले, गंगावेशीत गेले, कट्ट्यावर.
म्हैस समोर, पेला गवळ्याच्या हातात.
फेस काठाला आला की तो थांबतो,
बसू देतो,
मग पुन्हा धार.

परत येऊन मर्यादेला हात लावला नाही.
आधी नुसतं विचारलं, एकूण किती?
मग एकेक गाव मागितलं.
शेवटी मोजलं. जुळलं नाही तर थांब,
आणि बोंब मार, असं स्पष्ट लिहिलं त्या कंसांत.

पावणेअकराला ह सुरू झाला
आणि प्रिंटरचा कागद संपला.
तो तरी पीं पीं करत राहिला.

मगदूम, इंदुबाई बाळगोंडा.
दोन वर्षांचे मिळून चार हजार एकशे बारा.

सकाळी फोन लावला. रक्कम सांगितली.
पलीकडं म्हैस हंबरली, बादली सरकली.
"गेल्या साली न्हाई म्हणणारी तूच न्हवं?"
हो, म्हटलं.

"बरं. एवढ्या धारा उरकते,
मग येते."