आठ कोअर, एक पंखा

नवी पेठेत दुकानदाराने विचारलं, सहा कोअर की आठ?
मी वळून नानांकडे पाहिलं.
नाना म्हणाले, कोअर म्हणजे माग का रे?
तसंच समजा, दुकानदार हसला.
मग आठ मागांना कामगार किती?

तो गप्प.
मीच घरच्या जुन्या डब्याचं गाऱ्हाणं काढलं:
गुंडेटींच्या लग्नाची चार तासांची फिल्म,
रात्री दहाला कन्व्हर्टला लावली,
पहाटे एक्याऐंशी टक्के,
आणि लाईट गेली.
पुन्हा शून्य.
दारात नवरीचा भाऊ, पेनड्राइव्हसाठी हात पुढे.

ग्राफिक कार्डाचं खोकं काउंटरवर आलं,
त्यावर आग ओकणारा ड्रॅगन.
मे महिन्यात दाजी पेठेत, पत्र्याखाली,
आणखी आग कशाला, नाना म्हणाले.
त्यांनी रॅम विचारली नाही, डिस्क विचारली नाही.
हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते,
तेवढं बोट फिरवून पाहिलं.

कार्ड मी घेतलंच, मधलं.
लाल-निळे दिवे सोडले.
उरल्या पैशांत यूपीएस, आणि मोठा पंखा.

काल तीच फिल्म एकोणीस मिनिटांत झाली.
सांगितलेला चहा अजून यायचा होता.
नाना कॅबिनेटला तळहात लावून उभे,
शेड विकेपर्यंत मोटरला लावायचे तसा.
सूत तुटत नाहीये, म्हणाले.
मग, हात तसाच ठेवून,
गुंडेटीचं पोरगं पैसे देऊन गेलं का?